प्रतिमेची चाकरी

एफबीआय म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर क्लॅरिस स्टार्लिंग येते. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) सुरू होतो तेव्हा ती क्वांटिकोच्या जंगलात घामाघूम होऊन धावत असते. कॉलेजात असताना मी तो सिनेमा व्हीसीआरवर पाहिला. क्वांटिको ही एफबीआयची खरीखुरी अकादमी आहे आणि तिथे चित्रीकरण करायला खात्यानंच परवानगी दिली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्याहून नंतर बॉनी रेन्सची गोष्ट वाचली, आणि त्या परवानगीकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

१९७१ सालच्या सुरुवातीला पेनसिल्वेनियातल्या मीडिया नावाच्या छोट्या गावात एक तरुण बाई एफबीआयच्या कार्यालयात गेली. आपण कॉलेजची विद्यार्थिनी आहोत, एफबीआयमध्ये स्त्रियांना कोणत्या संधी आहेत याचा अभ्यास करतो आहोत, असं तिनं सांगितलं. एजंटांनी सौजन्यानं माहिती दिली. खरं तर सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. जे. एडगर हूवरच्या राज्यात बायका टायपिस्ट होऊ शकत, एजंट नाही. बॉनी मात्र तिथली कुलपं, दारं आणि कपाटं पाहून ठेवत होती.

८ मार्चच्या रात्री महंमद अली आणि जो फ्रेझर यांची लढत होती. सगळ्यांचे कान रेडिओला लागलेले असणार, हा हिशोब करून भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम डेव्हिडन यांनी ती रात्र निवडली होती. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या या मंडळींनी कार्यालय फोडलं आणि हजाराहून अधिक कागद सुटकेसमध्ये भरून नेले. पुढे त्यातले निवडक कागद पत्रकारांना टपालानं पाठवले. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या बेट्टी मेड्सगर यांनी त्यावर पहिली बातमी केली.

त्या कागदांत काय होतं? कॉलेजच्या टेलिफोन ऑपरेटरपर्यंत पोचलेलं खबऱ्यांचं जाळं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनांवरची पाळत. युद्धविरोधकांना भेटून प्रश्न विचारत राहा, म्हणजे प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआयचा माणूस उभा आहे असं त्यांना वाटत राहील, असा सल्लाही एका कागदावर होता. चोरांनी स्वतः केलेल्या वर्गवारीत सुमारे ४० टक्के प्रकरणं राजकीय पाळतीची निघाली, तर संघटित गुन्हेगारीची जेमतेम १ टक्का.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. हूवर १९२४ साली प्रमुख झाला आणि १९७२ साली मरेपर्यंत, म्हणजे ४८ वर्षं, खुर्चीवर राहिला. सुरुवातीला त्यानं मोठं काम केलं. वशिल्याची भरती बंद केली, बोटांच्या ठशांचा देशव्यापी संग्रह उभारला, प्रयोगशाळा काढली. १९३४ साली डिलिंजर हा दरोडेखोर शिकागोत मारला गेला, १९३५ साली 'जी-मेन' हा सिनेमा आला आणि एजंट घराघरातला नायक झाला. त्या नायकाला जपणं हेच मग खात्याचं काम होऊन बसलं. गडद सूट, पांढरा शर्ट, आणि एकच मंत्र: ब्यूरोची अब्रू जाता कामा नये. साहेबांची मर्जी गेली की मोंटानातल्या बुटसारख्या आडगावी बदली. अर्थसंकल्पाच्या वेळी संसदेपुढे मांडायला भक्कम आकडे लागत, आणि चोरीच्या मोटारी सापडल्या की ते सहज फुगत. माफियाच्या मागे लागायचं तर वर्षानुवर्षं खपावं लागलं असतं, यशाची खात्री नाही आणि एजंट लाच खातील ही भीती वेगळीच. माफिया नावाचं काही आहे हेच हूवर १९५७ पर्यंत मानायला तयार नव्हता.

प्रतिमा जपणाऱ्या माणसाला टीकाकार शत्रूच वाटतो. १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयनं मार्टिन ल्यूथर किंग यांना एक निनावी पत्र आणि चोरून केलेलं ध्वनिमुद्रण पाठवलं. पत्राचा रोख त्यांनी जीव द्यावा असा होता. पत्रात ३४ दिवसांची मुदतही होती. हे सगळं १९७५ च्या चर्च समितीपुढे आलं. मीडियाच्या कागदांतल्या एका चिठ्ठीवर 'कॉइंटेलप्रो' हा शब्द होता. त्याचा पाठपुरावा करून एका पत्रकारानं न्यायालयातून कागद मिळवले होते, आणि त्यानंतर धागे उलगडत गेले. चोर मात्र सापडले नाहीत. त्यांच्यातले बरेचजण २०१४ साली आपणहून पुढे आले.

१९७६ साली कायद्यानं एफबीआयच्या प्रमुखाची कारकीर्द जास्तीत जास्त १० वर्षांची केली. पुन्हा हूवर नको, एवढाच त्याचा अर्थ. २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं, तेव्हा मला हूवर आठवला. सीबीआयवरचा आक्षेप असा, की ती मालकाचं ऐकते. हूवरच्या बाबतीत मालकच नोकराला वचकून होते, कारण त्यांच्या फायली त्याच्या कपाटात होत्या. पिंजरा उघडणं हा त्यामुळे पुरेसा उपाय नाही. पोपट काय करतो आहे ते बाहेरच्या कुणाला तरी दिसायला हवं.

जेम्स कोमी प्रमुख असताना त्यांच्या टेबलाच्या काचेखाली १९६३ सालचा एक कागद असायचा: किंग यांचे फोन ऐकण्यासाठी हूवरनं मागितलेली परवानगी, खाली रॉबर्ट केनेडींची सही. आपलं खातं काय करू शकतं याची ती स्वतःला दिलेली आठवण होती. २०१७ साली अध्यक्षांनी कोमींना मुदतीआधीच काढून टाकलं. १० वर्षांचा कायदा कमाल मुदत ठरवतो, संरक्षण देत नाही.

हूवर गेल्यावर अवघ्या दोनच महिन्यांत, जुलै १९७२ मध्ये, दोन स्त्रिया एजंट होण्यासाठी क्वांटिकोला दाखल झाल्या. बॉनीच्या खोट्या प्रश्नाला मिळालेलं ते खरं उत्तर. क्लॅरिस त्यांच्याच वाटेनं धावत आली. तो सिनेमा मला अजूनही आवडतो. फक्त ती धावताना दिसली, की कॅमेऱ्याला कुठे जायची परवानगी नव्हती असा प्रश्न आता मनात येतो.