एकशे सत्तावीस दात्यांचे चाक

लेथवर आटे पाडायचे तर जॉब फिरण्याचा वेग आणि हत्यार सरकण्याचा वेग यांचे प्रमाण ठरलेले हवे. हे प्रमाण बदलायला दातेरी चाके बदलायची. त्यांना कारागीर चेंज गिअर म्हणतात. लंडनच्या हेन्री मॉडस्लेने साधारण १८०० च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. त्याच्याच कारखान्यात काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ पुढे मँचेस्टरला गेला आणि १८४१ मध्ये त्याने आट्यांचे पहिले प्रमाण मांडले : कोन ५५ अंशांचा, माप इंचाचे. आपल्या शकुंतलेचे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेले, ते १९९४ पर्यंत धावले. थोडक्यात, वऱ्हाडात यंत्र आले ते इंच घेऊनच आले.

मग १९५६ चा वजन-मापांचा कायदा झाला. आमची पिढी आणे-पै शिकून होते न होते तोच नवे पैसे आले. वही बदलली की आमचे भागायचे, पण लेथचा लीड स्क्रू कसा बदलणार? तो इंचात चार आट्यांचाच राहिला आणि बोल्ट मात्र मिलिमीटरचे येऊ लागले.

इथेच १२७ चा आकडा येतो. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. ही संख्या मूळ आहे, म्हणजे लहान चाकांच्या गुणाकारातून ती मिळत नाही. चार आट्यांच्या स्क्रूवर २ मिलिमीटरचा आटा हवा तर ४० दात्यांच्या चाकाने १२७ चे चाक फिरवायचे. ते नसेल तर ४० ऐवजी २० आणि १२७ ऐवजी ६३ लावून वेळ मारून नेतात. छोट्या नटाला चालते, पण मीटरभर लांबीत ८ मिलिमीटरचा फरक पडतो. (गंमत म्हणजे शकुंतलेच्या रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १२७ ची बरोबर सहापट!)

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने परतवाड्यात जुना लेथ घेतला, चाकांविना. मिलिमीटरचे काम आले की गिऱ्हाईक अमरावतीला जाते. भंगारातून त्याने पोतेभर चाके आणली. "सर, चाकं त लय हायेत, पण बसत एकही नाही."

दाते मोजायचे, त्यात २ मिळवायचे आणि बाहेरच्या व्यासाने, इंचात, भागायचे. उत्तर २० आले तर ते २० डीपीचे चाक. व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन उलटा भागाकार केला की मॉड्यूल मिळते. फसगत होते ती २० डीपी आणि सव्वा मॉड्यूल यांत. ४० दात्यांचे पहिले चाक ५३.३४ मिलिमीटरचे, दुसरे ५२.५ चे. पट्टीने हा फरक कळत नाही, व्हर्निअरच हवा. शिवाय दात्याचा कोन साडेचौदा अंशांचा की वीसचा, हे ओळखीच्या चाकात दाते अडकवून उजेडाकडे धरून बघायचे. भोक आणि चावीची खाच मात्र नंतर दुरुस्त करता येते.

हरिहरला १९४१ साली निघालेल्या मैसूर किर्लोस्करचे लेथ सगळीकडे गेले. तो कारखाना बंद पडूनही बरीच वर्षे झाली, त्यामुळे असल्या यंत्रांची चाके आता भंगारातच शोधावी लागतात, आणि तिथे ती किलोवर जातात.

असो. पोत्यातून त्याची नऊ चाके जुळली. १२७ चे अजून नाही. मंडळी, तुमच्याकडच्या भंगारात साधारण साडेसहा इंच व्यासाचे चाक दिसले, तर तेवढे दाते मोजून कळवा. २० डीपीचेच हवे.