वैऱ्यांची बेकरी

उधळ्या मुलाचा दृष्टांत आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. बापाची दौलत उडवून, डुकरे राखून, उपाशीपोटी घरी परतलेल्या मुलाला बाप धावत जाऊन पोटाशी धरतो. ख्रिस्ती धर्मातील क्षमा म्हणजे काय, हे सांगताना ही गोष्ट हमखास सांगतात. पण त्या मुलाने पैसा उधळला होता. कुणाचा मुडदा पाडला नव्हता. ज्याने शेजारणीच्या मुलाला गोळी घातली तो परत आला तर? आणि ती शेजारीण त्याच चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेली असली तर? अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात एका पाद्र्यापुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

ग्रेगरी बॉइल हे जेझुइट पंथाचे धर्मगुरू. जन्म १९५४ सालचा, त्याच शहरातला. १९८४ मध्ये दीक्षा झाल्यावर काही काळ ते बोलिव्हिया देशात गरिबांमध्ये राहिले आणि १९८६ साली डोलोरेस मिशन या चर्चचे प्रमुख झाले. वस्तीचे नाव बॉइल हाइट्स. पण ते या पाद्रीबाबांवरून पडलेले नव्हे बरं का, ते एकोणिसाव्या शतकातल्या एका आयरिश गृहस्थाचे! चर्चच्या दोन्ही अंगांना सरकारने गरिबांसाठी बांधलेल्या घरांच्या मोठ्या वसाहती होत्या. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे मजूर. आणि एवढ्याशा टापूत आठ टोळ्या! एका टोळीच्या पोराने दुसरीच्या गल्लीत पाऊल टाकायची सोय नव्हती.

पोलिसांचा उपाय सरळ होता. १९८८ च्या एप्रिलात शनिवार-रविवारच्या एकाच मोहिमेत चौदाशेंहून अधिक माणसे धरली गेली. बॉइल यांनी आरंभी दुसरा मार्ग धरला. ते सायकलवरून या टोळीकडून त्या टोळीकडे जात, तह घडवून आणत. मौज अशी, की हेच आपले चुकले असे ते पुढे स्वतःच सांगू लागले. तह करायला बसवले म्हणजे टोळीला मान दिला. तिला जगायला हवाच पुरवली. टोळीशी बोलायचे नाही, टोळीतल्या मुलाशी बोलायचे, हा धडा त्यांना काही वर्षांनी मिळाला. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना यातला फरक चटकन कळेल. वर्गातल्या कंपूला दम देणे निराळे आणि त्यातल्या एका पोराला बाजूला घेऊन ‘काय रे, जेवलास का?’ म्हणून विचारणे निराळे.

शाळांनी हाकललेली मुले दिवसभर रस्त्यावर असत. म्हणून १९८८ साली नन राहत असत त्या मठाच्या जागेत त्यांच्यासाठी शाळा काढली. मग मुले म्हणू लागली, काम द्या. चर्चमधल्या बायका आसपासच्या कारखान्यांत विचारत फिरल्या. फारसे कुणी दार उघडले नाही. या बायकांबद्दल दोन शब्द जास्त बोलले पाहिजेत, कारण वर्तमानपत्रांत फोटो पाद्र्याचा येतो. त्या रात्रीच्या वेळी, खाण्याचे पदार्थ आणि गिटार घेऊन, टोळ्यांच्या नाक्यांवर जात, गाणी म्हणत, पोरांना खाऊ घालीत. त्यांत कित्येकींची मुले टोळीत होती, कित्येकींची मारली गेली होती. क्षमेचा उपदेश पाद्र्याने करायचा. पण तिची किंमत मोजायची ती यांनी. मला विचाराल तर या हकीकतीत खरे मिशनकार्य यांचेच.

१९९२ च्या वसंतात शहरात मोठी दंगल उसळली. त्यानंतर एका चित्रपट-निर्मात्याच्या पैशातून चर्चसमोरची एक जुनी बेकरी विकत घेतली गेली. नाव ठेवले ‘होमबॉय बेकरी’. पुढे टॉर्टिया, म्हणजे आपल्या पोळी-भाकरीच्या जातीचा मेक्सिकन पदार्थ, करण्याचे दुकानही निघाले. कामाची अट एकच: शेजारी वैरी टोळीचा माणूस असेल, त्याच्याबरोबर काम करायचे. कालपर्यंत ज्याच्यावर गोळी झाडली त्याच्याबरोबर आज पीठ मळायचे! आरंभी ही पोरे एकमेकांशी बोलत नसत. पण पाव वेळेवर भट्टीतून काढायचा तर ‘ते भांडे इकडे दे’ एवढे तरी म्हणावेच लागते ना?

एक तरुण तुरुंगातून आला, त्याच्या कपाळभर शिवी गोंदलेली. त्याला कोण काम देणार? त्याला बेकरीत घेतले आणि एका डॉक्टरकडून ते गोंदण काढवले. तेव्हापासून गोंदण फुकट काढून देणे हे संस्थेचे मोठेच काम होऊन बसले. लेझरने काढताना चटके बसतात, आणि एका बैठकीत ते निघतही नाही. पुन्हा पुन्हा यावे लागते.

हे सर्वांना रुचले असे मात्र नाही. खुन्यांचे लाड करता, म्हणून निनावी पत्रे आली, बाँबच्या धमक्या आल्या. हा राग अगदीच खोटा होता असे मी म्हणणार नाही. मेलेल्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार पाद्र्याला कुणी दिला? माझ्या समजुतीप्रमाणे, बॉइल यांनी तो कधी मागितलाही नाही. कोर्टाची शिक्षा कोर्टाकडे राहिली. त्यांनी तुरुंगाच्या दारापासून पुढचा रस्ता तेवढा पाहिला.

१९९९ मध्ये बेकरी आगीत जळाली. पुन्हा उभी राहिली. २०१० च्या मे महिन्यात पैसा संपला आणि सुमारे तीनशे जणांना कामावरून कमी करावे लागले. त्यांतले पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी बिनपगारी कामावर हजर! २०२४ साली बॉइल यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वातंत्र्यपदक दिले.

टोळीयुद्धात मेलेल्या पहिल्या मुलाचा दफनविधी त्यांनी १९८८ साली केला होता. तेव्हापासून अशा दफनविधींची संख्या दोनशेंच्या वर गेली आहे. त्यांतल्या कित्येक वेळा मेलेला मुलगाही त्यांचा लाडका होता आणि मारणाराही.