लेकराचा ताबा : कायद्यातल्या आठ ओळींवर भाष्य

पालमसारख्या तालुक्याच्या गावी नवरा-बायकोचे जमेनासे झाले की गोष्ट आधी ओसरीवर येते, मग दोन्हीकडच्या सोयऱ्यांच्या बैठकीत, आणि तिथेही मिटली नाही तर परभणीच्या कोर्टात. या तिन्ही ठिकाणी एक शब्द सारखा ऐकू येतो. ‘पोराचा ताबा कुणाकडं?’ हा शब्द आपण जमिनीच्या भांडणातून उचलला. वहिवाट कुणाची, कब्जा कुणाचा, हे विचारायची जी भाषा, तीच लेकराला लावली. कायद्याच्या मराठीत यासाठी ‘अभिरक्षा’ असा शब्द आहे. तो जड आहे, पण त्याच्या पोटात ‘रक्षा’ आहे. रक्षण हे ज्याचे करायचे त्याच्यासाठी असते, करणाऱ्याच्या मालकीसाठी नसते. पुढच्या आठही ओळी या एका शब्दाच्या उजेडात वाचाव्यात, असे माझे म्हणणे आहे.

ओळींचा आशय माझ्या मराठीत दिला आहे आणि भाष्याच्या जुन्या रीतीप्रमाणे शंका-समाधान ठेवले आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती समाजाचे घटस्फोटाचे कायदे वेगळे आहेत. मात्र १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मांच्या मुलांसाठी आहे.

ओळ १. रूढीने मिळालेला काडीमोडाचा हक्क या कायद्यामुळे बुडत नाही. (हिंदू विवाह कायदा, कलम २९, पोटकलम २)

‘रूढी’ हा या ओळीचा कणा. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द मराठीत कोर्टाच्या आधीपासून आहेत. अनेक जातींमध्ये पंचांसमोर लग्न मोडत असे. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, तेव्हा पालम निजामाच्या राज्यात होते. म्हणून तो कायदा इथे लागू नव्हता. १९५५ चा कायदा आला तेव्हा त्याने जुनी रूढी पुसली नाही, पण ती सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर ठेवला.

शंका : दोघांनी बाँडपेपरवर सह्या केल्या, पाच माणसे साक्षीला होती, नोटरीचा शिक्काही आहे. मग घटस्फोट झाला ना?

समाधान : नाही. सही कुणी केली याची खात्री नोटरी देतो. लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. आपल्या समाजात अशी रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे कोर्टात स्पष्ट मांडून पुराव्याने सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. ते सिद्ध झाले नाही तर पहिले लग्न कायम राहते, दुसरे लग्न मुळातच रद्दबातल ठरते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हाही होतो. त्याच कागदावर ‘मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे’ अशी वाटणी लिहिलेली असते. ती वाटणी कोर्टाला बांधत नाही. शेताच्या वाटण्या होतात. भावंडांची ताटातूट वाटणी म्हणून करता येत नाही.

ओळ २. वर्षभर किंवा जास्त काळ वेगळे राहिलेले, एकत्र राहू न शकलेले आणि लग्न मोडण्यावर एकमत झालेले पती-पत्नी मिळून अर्ज करू शकतात. (कलम १३ब, पोटकलम १)

हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आले. त्यात तीन अटी आहेत आणि तिन्ही लागतात.

‘वेगळे राहणे’ म्हणजे दोन घरे असणे नव्हे. एका छपराखाली राहूनही पती-पत्नी म्हणून संसार थांबलेला असू शकतो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली लावला. याची उलट बाजू आपल्या भागात महत्त्वाची आहे. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात आणि बायको गावी असेल, तर ते पोटासाठी लांब राहणे आहे. त्याला या कलमातले ‘वेगळे राहणे’ म्हणता येत नाही. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसून नांदण्यात मोजायचे आहे.

‘एकमत’ हे हुकूमनामा होईपर्यंत टिकावे लागते. त्याच १९९१ च्या निकालाने सांगितले की कुणालाही मधल्या काळात आपली संमती मागे घेता येते. ‘एकदा सही केलीस, आता बोलायचं नाही’ असे जे माहेरच्या किंवा सासरच्या वडीलधाऱ्यांकडून सांगितले जाते, ते कायदा नव्हे.

शंका : एकाला हवा, दुसऱ्याला नको. मग?

समाधान : मग कलम १३ मधली कारणे लागतात : क्रूरता, किमान दोन वर्षे टाकून देणे, व्यभिचार, धर्मांतर, सात वर्षे ठावठिकाणा नसणे इत्यादी. त्यांना पुरावा लागतो. ‘आमचं पटत नाही’ हे एकटे कारण तिथे नाही. संसार पुन्हा जुळणे अशक्य झाले आहे या आधारावर लग्न मोडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालयाला आहे, असे घटनापीठाने १ मे २०२३ रोजी ठरवले. तो अधिकार जिल्ह्याच्या कोर्टाला नाही.

ओळ ३. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत नाही आणि अठरा महिन्यांनंतर नाही, या मधल्या काळात दोघांनी पुन्हा मागणी करावी. (कलम १३ब, पोटकलम २)

सहा महिने फेरविचारासाठी आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हा काळ कोर्ट माफ करू शकते. मात्र त्यासाठी कायद्याने ठरलेला विभक्त राहण्याचा काळ आधीच उलटलेला असावा, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी व मुले यांविषयी खरा तोडगा निघालेला असावा. ‘लवकर मोकळे करा’ म्हणणाऱ्यांनी या शेवटच्या अटीवर बोट ठेवून वाचावे. मुलांचा प्रश्न नीट सोडवल्याशिवाय घाईची सवलत नाही.

ओळ ४. अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. मात्र पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल सामान्यतः आईजवळ राहील. (हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ६)

या ओळीतला ‘नंतर’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आयांच्या विरुद्ध वापरला गेला. ‘बाप जिवंत असता आई पालक कशी?’ हा प्रश्न आजही बैठकीत येतो. त्याचे उत्तर मराठी मुलुखातल्याच एका खटल्यात आहे. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान हा विदर्भातला जमीन-कुळवहिवाटीचा वाद. पती-पत्नी वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते आणि मुलीचे सारे व्यवहार आईच पाहत होती. बाप जिवंत होता, पण मुलीच्या आयुष्यात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली सांगितले की अशा स्थितीत आईच नैसर्गिक पालक. पुढे १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात न्यायालयाने शब्दाचाच अर्थ उलगडला : ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मरणानंतर असे नाही, तर बापाच्या गैरहजेरीत. मुलाची जबाबदारी टाकणारा बापही गैरहजरच.

आता ‘सामान्यतः’. पाचाच्या आतले मूल आईजवळ, हा नियम आहे आणि त्याला अपवाद असू शकतो. तो अपवाद कुणी दाखवायचा? गोव्यातल्या एका खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आई अयोग्य आहे हे दाखवण्याचा भार बापावर आहे. आईने आपली लायकी सिद्ध करत बसायचे नाही.

शंका : पाच वर्षे पूर्ण झाली की मुलगा आपोआप बापाकडे जातो का?

समाधान : नाही. ओळ असे म्हणत नाही. पाचव्या वाढदिवशी आईच्या बाजूचे गृहीत तेवढे संपते आणि पुढचा निर्णय आठव्या ओळीने होतो.

ओळ ५. मुलाचे पालकत्व मागणारा अर्ज, मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात करावा. (पालक व पाल्य कायदा १८९०, कलम ९)

दावा कुठे, हा गरिबासाठी अर्धा निकाल असतो. घटस्फोटाचा दावा लग्न जिथे लागले, दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले किंवा समोरचा पक्ष जिथे राहतो तिथे करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती राहते तिथेही दावा करण्याची मुभा दिली. म्हणजे नांदेडला दिलेली पालमची लेक माहेरी राहत असेल, तर तिला परभणी जिल्ह्यातच दाद मागता येते. पालकत्वाच्या अर्जात मात्र कसोटी मुलाच्या राहण्याची आहे. ज्या भागात कुटुंब न्यायालय आहे, तिथे हे दोन्ही दावे त्याच न्यायालयात चालतात.

‘सामान्यतः राहते’ हे दोन शब्द मराठवाड्यात फार खोल जातात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर असते. दिवाळीच्या सुमारास जोडी निघाली की लेकरू एक तर फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते, नाही तर गावी आजीजवळ. जोडी फुटली की उचलही फुटते आणि लेकरू कुठले हा प्रश्न उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले आहे की सामान्य निवास हा वस्तुस्थितीचा आणि तिथे राहण्याच्या हेतूचा प्रश्न आहे. माझे वाचन असे : कोपी हंगामापुरती आहे. ज्या शाळेच्या पटावर नाव आहे, ज्या अंगणवाडीत वजन नोंदले जाते, ज्या घराकडे मूल हंगाम संपल्यावर परत येते, ते त्याचे गाव. म्हणून शाळेचा दाखला आणि अंगणवाडीची नोंद जपून ठेवावी. हाणामारी करून उचलून नेलेल्या मुलाचा निवास त्या एका रात्रीत बदलत नाही.

ओळ ६. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. (पालक व पाल्य कायदा, कलम १७, पोटकलम ३)

इथे वयाचा आकडा नाही, हे आधी नोंदवू. नऊ किंवा बारा असा नियम गावात सांगितला जातो, पण तो या ओळीत नाही. मोजायची आहे ती समज.

‘विचारात घेऊ शकते’ म्हणजे मूल म्हणेल तोच निकाल, असेही नव्हे. न्यायाधीश बहुधा आपल्या दालनात मुलाशी एकट्याने बोलतात. पढवलेले उत्तर ओळखू येते. ‘कोर्टात सांग, मला आईकडं जायचं नाही’ असे रोज रात्री घोकवून घेणारा माणूस मुलाकडून साक्ष मिळवत असेल, पण त्याच्या मनात कायमची भीती पेरतो. मुलाला विचारले जाणे हा त्याचा मान आहे. त्याच्यावर निकालाचे ओझे टाकणे हा अन्याय आहे.

ओळ ७. मुलाची अभिरक्षा, पोषण आणि शिक्षण यांविषयी न्यायालय दावा चालू असताना आणि हुकूमनाम्यानंतरही आदेश देऊ शकते, बदलू शकते. जमेल तिथे मुलाच्या इच्छेला धरून. (हिंदू विवाह कायदा, कलम २६)

‘बदलू शकते’ हा शब्द आशेचा आहे. मुलाविषयीचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. मूल वाढते, परिस्थिती पालटते, आदेशही पालटू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रोझी जेकब निकालात स्पष्ट केले. मुले आई-बापांची वस्तू नाहीत, हेही त्याच निकालाचे सांगणे.

‘पोषण आणि शिक्षण’ यासाठीचा अंतरिम अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा, असे २००१ ची दुरुस्ती सांगते. ‘मला काही नको, फक्त पोरगं द्या’ असे म्हणून आई पुष्कळदा मुलाच्या पोटगीवरही पाणी सोडते. तिने स्वतःचे सोडले तरी मुलाचे सोडण्याचा अधिकार तिला नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० प्रमाणे अज्ञान मुलाला पोसण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे.

शंका : ज्याच्याकडे मूल नाही, त्याचे काय उरते?

समाधान : भेट उरते, आणि ती मुलाचा हक्क म्हणून. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुलाला दोघांच्या मायेचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट जमत नसेल तेव्हा फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलणे घडवावे. साखर कारखान्याच्या फडातून किंवा पुण्याच्या बांधकामावरून बापाचा रविवारचा फोन येणार असेल, तर तो लेकराला मिळू द्यावा. बापाने पोटगी थकवली म्हणून भेट रोखणे आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी रोखणे, या दोन्ही सौद्यांत मधल्या मध्ये लेकरूच उपाशी राहते.

ओळ ८. पालक नेमताना मुलाचे कल्याण हीच सर्वोच्च बाब. (हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, कलम १३)

ही ओळ सर्वांत लहान आहे आणि मागच्या साती ओळी हिच्यापुढे वाकतात. बापाचे ‘नैसर्गिक’ पालकत्व, आईचे पाच वर्षांचे गृहीत, मुलाची पसंती, कुणाचीही जमीन किंवा पगार, काहीही या ओळीपेक्षा मोठे नाही. कल्याण म्हणजे पैसा नव्हे. जास्त एकर असलेल्या घरी मूल सुखी असतेच असे नाही आणि मजूर आईजवळ ते उघड्यावर पडते असेही नाही. शाळा सुटते की टिकते, आजारपणात उशाशी कोण बसते, घरात मारहाण आहे की नाही, भावंडे एकत्र राहतात का, हे कल्याणाचे प्रश्न. १९५५ आणि १९५६ च्या कायद्यांनी हा विचार ‘वंश कुणाचा’ या प्रश्नाच्या वर नेऊन ठेवला. आपल्या बैठका अजून तिथवर पोचायच्या आहेत.

म्हणून सोयऱ्यांना विनंती. बैठकीला बसाल तेव्हा आंदण, दागिने, लग्नाचा खर्च यांच्या हिशेबाआधी लेकराची शाळा, औषधपाणी आणि दोघांच्या भेटीचे दिवस ठरवा, आणि जे ठरेल ते कोर्टापुढे मांडा. पैशाअभावी थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला आणि मुलाला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत साध्या कागदावर अर्ज करता येतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. बाँडपेपरवर सही करण्याआधी तो एकदा फिरवा.