मोलिनाचा ग्रंथ आणि रोमचें मौन

स्पेनमधील सलामांका विद्यापीठांत १५८२ सालच्या जानेवारींत एक वादसभा भरली. विषय वरकरणी साधा होता. ख्रिस्तानें क्रूसावर मरण पत्करलें तें पित्याच्या आज्ञेवरून. ती आज्ञा अटळ, आणि ख्रिस्ताकडून अवज्ञा होणें अशक्य. मग तें मरण स्वखुषीचें कसें म्हणावें, आणि स्वखुषीचें नसेल तर त्याचें पुण्य तें काय? प्रुदेन्सियो दे मोंतेमायोर नांवाच्या जेझुइट पाद्र्यानें प्रतिपादन केलें कीं, अशी काटेकोर आज्ञा मानली तर स्वातंत्र्य उरत नाहीं आणि पुण्यहि उरत नाहीं. डोमिनिकन संघाचे विख्यात अध्यापक दोमिंगो बान्येझ त्यावर तुटून पडले. कवि व पंडित लुईस दे लेऑन मोंतेमायोरच्या बाजूनें उभे राहिले. दोन वर्षांनीं धर्मन्यायालयानें त्या दोघांना असलीं मतें शिकविण्याची बंदी केली. पण तोंवर वाद ख्रिस्तावरून सर्व मनुष्यमात्रावर येऊन ठेपला होता.

या प्रश्नाची धग केवळ पंडितांना लागत होती असें नाहीं. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें ईश्वर सर्वज्ञ आहे. कोणाचा उद्धार होणार हें त्याला सृष्टीपूर्वींच ठाऊक आहे, इतकेंच नव्हे तर उद्धार पावणारांची निवडहि त्याचीच आहे. उलटपक्षीं तीच श्रद्धा मनुष्याला पश्चात्ताप करण्यास सांगते आणि न्यायाच्या दिवशीं त्याच्याकडून झाडा घेते. निवड आधींच झाली असेल तर उपदेश कोणासाठीं, आणि शिक्षा कशासाठीं? आणि निवड मनुष्याच्या होकारावर अवलंबून असेल, तर जगन्नियंता हा मनुष्याच्या दारांत तिष्ठणारा याचक ठरतो. दैव व प्रयत्न यांचा झगडा आपल्याकडेहि जुनाच आहे. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांत तर मांजरीचें पिलूं व माकडाचें पिलूं अशा दोन दृष्टान्तांवरून दोन पंथ ओळखले जातात. एकाला आई तोंडांत धरून नेते, दुसऱ्याला आईच्या पोटाशीं बिलगून राहावें लागतें. परंतु आपल्या वादांत पूर्वकर्माची एक पळवाट आहे; दोष मागच्या जन्मावर ढकलतां येतो. ख्रिस्ती मताला पूर्वजन्म मान्य नाहीं, आणि म्हणून तेथें ही गांठ अधिकच आवळलेली आहे.

मनुष्य स्वबळावर सन्मार्गीं राहूं शकतो हें पेलाजियसचें मत पांचव्या शतकांत संत ऑगस्टीन यांनीं खोडून काढलें व चर्चनें तें त्याज्य ठरविलें. पुढें १५२५ सालीं ल्यूथरनें एरास्मसला उत्तर देतांना मनुष्याची इच्छा बद्ध आहे असें निक्षून सांगितलें. रोमन चर्चला आतां दोन्ही बाजू संभाळणें भाग पडलें. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५४७ सालीं ठरविलें कीं, कृपेवांचून उद्धाराचा आरंभहि होत नाहीं; तरीहि मनुष्य त्या कृपेला स्वतंत्रपणें रुकार देतो, व तिला झिडकारूंहि शकतो. या दोन गोष्टी जुळतात कशा, हें मात्र परिषदेनें सांगितलें नाहीं.

बान्येझ यांचें उत्तर संत थॉमस अक्वायनस यांच्या शिकवणीवर आधारलेलें होतें. ईश्वर हें आदिकारण. त्यानें चालना दिल्याखेरीज झाडाचें पान हालत नाहीं, मग मनुष्याची इच्छा कशी हालेल? परंतु ईश्वर प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणें चालवितो; दगडाला दगडासारखें, इच्छेला इच्छेसारखें. म्हणून त्यानें अचूक प्रेरलेली इच्छाहि स्वतंत्रच राहते. युक्तिवाद भारदस्त आहे; पण ज्याला ती अचूक प्रेरणा मिळालीच नाहीं त्याचा अपराध कोणता, ही शंका ऐकणाराच्या मनांतून जात नाहीं.

त्या शंकेला उत्तर देण्याचा यत्न लुईस दे मोलिना यांनीं केला. हे जेझुइट, जन्म १५३५ सालीं स्पेनमधील क्वेंका येथें, अध्यापन पोर्तुगालमधील एव्होरा येथें. त्यांचा ग्रंथ १५८८ सालीं लिस्बन येथें छापला गेला. तो 'कोंकोर्दिया', म्हणजे 'मेळ', या नांवानें ओळखला जातो; मेळाच्या नांवाखालीं इतका तंटा क्वचितच माजला असेल. मोलिना यांच्या मतें ईश्वराच्या ज्ञानाचे तीन थर आहेत. काय काय संभवतें हें एक. प्रत्यक्ष काय घडणार हें दुसरें. आणि या दोहोंमध्यें एक तिसरें: कोणता मनुष्य कोणत्या परिस्थितींत सांपडला असतां आपल्या मर्जीनें काय करील. यालाच त्यांनीं मध्यम ज्ञान म्हटलें.

यासाठीं बायबलांतील दाविदाची कथा पुढें करण्यांत येई. दावीद कईला नगरांत आहे व शौल राजा त्याच्या पाठलागावर आहे. दावीद ईश्वराला विचारतो, शौल येथें येईल काय? येईल, असें उत्तर मिळतें. नगरवासी मला त्याच्या स्वाधीन करतील काय? करतील. हें ऐकून दावीद निघून जातो. शौल येत नाहीं, आणि नगरवासीयांच्या निष्ठेची कसोटी होतच नाहीं. म्हणजे जें कधीं घडलें नाहीं, पण दावीद राहता तर त्या लोकांनीं आपखुषीनें जें केलें असतें, तें ईश्वराला ठाऊक होतें. या ज्ञानाच्या प्रकाशांत तो ठरवितो कीं, कोणती सृष्टि निर्मावी, कोणाला कोणत्या प्रसंगीं उभें करावें व कोणती कृपा द्यावी. योजना सर्वस्वीं ईश्वराची, आणि तरीहि होकार मनुष्याचा स्वतःचा.

विरुद्ध पक्षाचा आक्षेपहि मर्मीं लागणारा होता. कईलाच्या लोकांनीं अमुक केलें असतें हें सत्य टेकलें आहे कशावर? ईश्वराच्या संकल्पावर नाहीं. त्या लोकांच्या कृतीवरहि नाहीं, कारण कृति झालीच नाहीं. शिवाय ईश्वराला मनुष्यापासून कांहीं जाणून घ्यावें लागतें असें झालें तर त्याचें सार्वभौमत्व उणें होतें. मोलिना यांच्या पक्षानें याला पुष्कळ उत्तरें दिलीं. पूर्ण समाधान करील असें त्यांत एकहि नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

दोन्ही संघ बलाढ्य होते. एक दुसऱ्याला पेलाजियसचा अनुयायी म्हणे, दुसरा पहिल्याला कॅल्व्हिनचा. अखेर १५९४ सालीं पोपांनीं हें प्रकरण स्वतःकडे घेतलें. याच जेझुइट संघाचा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री त्या वर्षांत गोव्यांतील साष्टी प्रांतांत होता. त्याचें मराठी ओव्यांतील ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. होकार कोणाचा यावर रोममध्यें खल चालला असतां साष्टींत तो होकार मराठींत मागितला जात होता. आणि तेथें तो नेहमींच आपखुषीचा असे, असें गोव्याचा इतिहास वाचून म्हणवत नाहीं.

पोप आठवे क्लेमेंट यांनीं नेमलेल्या मंडळानें १५९८ सालीं मोलिनांच्या ग्रंथावर बंदीची शिफारस केली. पोपांनीं ती मंजूर केली नाहीं. पुन्हां तपास करण्यास सांगितलें. स्वतः ते कायदेपंडित होते, ईश्वरशास्त्री नव्हते. तथापि मार्च १६०२ पासून त्यांनीं स्वतःच अध्यक्षस्थानीं बसून ६८ वादसभा ऐकल्या. एका सभेंत जेझुइटांचे वक्ते ग्रेगोरियो दे व्हालेन्सिया मूर्च्छित होऊन पडले असें वृत्तान्त सांगतात. मोलिना १६०० सालीं वारले, बान्येझ १६०४ सालीं, आणि १६०५ सालीं खुद्द पोपहि वारले. निर्णय झाला नव्हता.

पोप पांचवे पॉल यांनीं आणखी १७ सभा ऐकल्या व २८ ऑगस्ट १६०७ रोजीं, म्हणजे संत ऑगस्टीन यांच्याच स्मृतिदिनीं, कार्डिनलांचें मत घेतलें. त्यानंतरच्या सप्टेंबरांत आज्ञा सुटली: दोन्ही पक्षांनीं आपापलें मत खुशाल शिकवावें, परंतु प्रतिपक्षाला पाखंडी म्हणूं नये, निर्णय योग्य वेळीं देण्यांत येईल. व्हेनिसशीं पोपांचा जो कलह नुकताच झाला होता त्यांत जेझुइटांनीं पोपांची बाजू घेतली होती. त्या उपकाराचा कांहीं अंश या आज्ञेंत असावा अशी शंका पुष्कळांनीं घेतली, व ती अगदींच निराधार नाहीं. परंतु पॉल यांनीं पुढें दिलेलें कारण विचारार्ह आहे. डोमिनिकन हे कॅल्व्हिनपंथी नव्हेत, कारण कृपेनें स्वातंत्र्य नष्ट होतें असें ते म्हणत नाहींत; जेझुइट हे पेलाजियसपंथी नव्हेत, कारण उद्धाराचा आरंभ ते ईश्वराकडूनच मानतात. भेद उरला तो केवळ रीतीचा.

हॉलंडांतील प्रॉटेस्टंटांनीं याच प्रश्नाचा निकाल लावला. डॉर्ट्रेख्ट येथील १६१८-१९ च्या परिषदेनें इच्छास्वातंत्र्याला अधिक वाव देणारें आर्मिनियसच्या अनुयायांचें मत धिक्कारलें, सुमारें २०० धर्मोपदेशक पदच्युत झाले, आणि त्यांचा पाठिराखा वृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा मे १६१९ मध्यें शिरच्छेद झाला. त्यांत राजकारणाचा वांटा मोठा होता हें खरें. पण निमित्त याच वादाचें होतें.

रोमचा तो 'योग्य वेळ' चारशें वर्षांत आला नाहीं. मोलिनांची कल्पना मात्र १९७४ सालीं अनपेक्षित ठिकाणीं पुन्हां प्रकट झाली. ईश्वर चांगला असतां जगांत दुष्टावा कां, याचें विवेचन करतांना अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांनीं, मनुष्यानें अमुक परिस्थितींत स्वतंत्रपणें काय केलें असतें, या सत्यांचा आधार घेतला. हें मध्यम ज्ञानाचेंच पुनरुज्जीवन आहे, हें त्यांना मागाहून इतरांनीं दाखवून दिलें. डॉर्ट्रेख्टचे ठराव जो आजहि प्रमाण मानतो, त्याच पंथांत ते लहानाचे मोठे झाले होते.