सव्वा इंची वाट

बेसिनच्या तळाशी जाळीचा जो तुकडा बसतो, त्याला दुकानात ‘वेस्ट कपलिंग’ म्हणतात आणि तो ३२ मिलिमीटरचा म्हणून विकला जातो. घरी त्याच तुकड्याच्या आट्यांवर पट्टी धरली, तर माप जवळजवळ ४२ भरतं. गिऱ्हाईक गोंधळतं, ४० चा तुकडा मागतं आणि स्वयंपाकघरातल्या सिंकचा घेऊन घरी येतं. तो बेसिनच्या भोकात उतरतच नाही.

या गोंधळाला इतिहास आहे, आणि तो समजून घ्यायला शहागंजसारखी जागा नाही. छत्रपती संभाजीनगरचा हा जुना बाजार पाण्याच्या सोयीभोवतीच मोठा झाला.

१६१० मध्ये मलिक अंबरने इथल्या खडकी गावाला राजधानीचं रूप दिलं आणि पुढच्या काही वर्षांत हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून पाणी आणलं. ही नहर-ए-अंबरी. पंप नाही, मोट नाही. जमिनीचा उतार हीच तिची ताकद. भूगर्भात झिरपणारं पाणी दगडी बांधणीच्या भुयारी पाटात गोळा व्हायचं, पुढे भाजलेल्या मातीच्या नळांतून वस्तीत शिरायचं आणि वाटेतल्या उंच मनोऱ्यांमुळे, म्हणजे बंब्यांमुळे, त्याचा दाब सांभाळला जायचा. नंतर शहरात आणखी नहरी झाल्या.

शहागंजचा हौद त्यानंतर शंभरेक वर्षांनी आला. तो सुरू केला दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली खानने. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या फौजेसह दिल्लीला गेलेला, आणि ज्या मोहिमेतून मराठ्यांना चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या तिचा सूत्रधार असलेला, तोच हा हुसेन अली. हौदाभोवतीची मशीद आणि इमारती पुढे इवज खानने वाढवल्या, उंच केल्या. पण इतिहासकार खाफी खानाने हौदाचं श्रेय आवर्जून हुसेन अलीला दिलं आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की हाच हौद रहिवाशांचे हाल कमी करतो, असंही नोंदवलं. दिल्लीच्या तख्तावर बादशहा बसवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाच्या नावावर एका बाजारातला हौद इतक्या कौतुकाने लिहिला जावा, यातच या शहरातली पाण्याची किंमत कळते.

नहरीचं पाणी अखंड वाहणारं. त्याला तोटी नव्हती. म्हणून हौद बांधणाऱ्याला पाणी येईल कुठून याइतकाच, भरून वाहू लागलं की जाईल कुठे, हाही विचार करावा लागे. याचा नमुना आजही शहरातल्या पाणचक्कीवर पाहता येतो. तिथल्या लांबट हौदात चढवून आणलेलं पाणी पडतं, चक्कीचं पातं फिरवतं आणि जास्तीचं पाणी खाम नदीत उतरतं. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. डोक्यावर एवढं पाणी घेऊन ते दालन उभं आहे, ही अठराव्या शतकातल्या गवंड्यांची केवढी कमाल!

या जुन्या व्यवस्थेत ‘बदली तुकडा’ ही कल्पनाच नव्हती. नळ फुटला की कुंभार तसाच नळ भाजायचा, गवंडी तो चुन्यात बसवायचा. माप त्या जागेचं. ते शेजारच्या हौदाला लागू पडेलच असं नाही. घरातही तेच. मराठी वाड्याच्या मोरीला उतार, कोपऱ्यात भोक, तुंबवायचं असेल तर चिंध्यांचा बोळा. उमरावांच्या घरी जेवणाआधी आफताबा आणि चिलमची फिरायची. आफताब्यातून हातावर पाणी पडायचं आणि चिलमचीच्या भोकांच्या झाकणातून खाली जायचं, म्हणजे हात धुतलेलं पाणी पाहुण्याच्या नजरेआड व्हायचं. बिदरी कलाकुसरीतली अशी भांडी आज संग्रहालयांत आहेत. आधुनिक बेसिनची जाळी दिसायला तिच्याच कुळातली. फरक इतकाच, की चिलमची उचलून रिकामी केली जायची आणि बेसिन भिंतीला जखडलेलं असतं.

जखडलेल्या भांड्याला नळी जोडायची म्हणजे आटे आले. आणि आटे म्हटले की इंग्लंडमधला जोसेफ व्हिटवर्थ आला. १८४१ मध्ये त्याने सगळ्या कारखान्यांनी एकाच ५५ अंशांच्या कोनाचे आटे पाडावेत, असा प्रस्ताव मांडला. त्याच घराण्यातल्या नळांच्या आट्यांना १९०५ मध्ये ब्रिटिश प्रमाण मिळालं. त्यात सव्वा इंच हे नाव मुळात लोखंडी नळाच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं. बाहेरून आटे पाडलेल्या भागाचा व्यास ४१.९१ मिलिमीटर, एका इंचात ११ आटे. भारतात १९५० च्या दशकाच्या शेवटी मेट्रिक मापं आली, तेव्हा सव्वा इंचाच्या जागी ३२ मिलिमीटर लिहिलं जाऊ लागलं. आटे मात्र जुनेच राहिले. प्लंबरच्या तोंडी आजही ‘सव्वा इंची’च आहे, आणि ते बरोबरही आहे.

चिनी मातीची बेसिनं घराघरांत शिरली ती स्वातंत्र्यानंतर. १९६० मध्ये इंग्लंडच्या ट्वायफर्ड्सच्या सहकार्याने हिंदुस्थान ट्वायफर्ड्स उभी राहिली. इकडे तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सत्तरच्या दशकात सिडकोने नवं शहर वसवायला घेतलं आणि १९७६ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं. नहरींवर वाढलेलं शहर नाथसागरावर, म्हणजे या धरणाच्या जलाशयावर, विसंबू लागलं. अखंड वाहणारं पाणी जाऊन काही दिवसांआड येणारं पाणी आलं. टाकीत साठवून ठेवलेल्या पाण्याचा थेंब बेसिनखाली गळताना पाहणं इथल्या माणसाला झोंबतं ते म्हणूनच.

हे गळणं टाळायचं, तर नवा तुकडा घेताना व्यासावरच अडून राहू नये. बाकीच्या दोन गोष्टींत जास्त चुका होतात. पहिली, बेसिनला वरच्या काठाजवळ जास्तीच्या पाण्याचं भोक आहे का. असेल, तर ते पाणी चिनी मातीच्या दोन भिंतींमधल्या पोकळीतून उतरून थेट कपलिंगपाशी येतं, आणि त्याला आत घ्यायला कपलिंगच्या अंगाला खाचा लागतात. खाचा नसलेला तुकडा बसवला, तर ती वाट बंद होते आणि बेसिन काठावरून सांडतं. उलट, भोक नसलेल्या बेसिनला खाचांचा तुकडा लावला, तर पाणी खाचेतून बाहेर येऊन आट्यांवरून ठिबकतं. खालून लावायचं चेकनट कितीही आवळलं तरी ते थांबत नाही, आणि दोष बिचाऱ्या वायसरला दिला जातो.

दुसरी गोष्ट, बेसिनच्या तळाची जाडी. हाफ थ्रेडच्या तुकड्याला आटे फक्त खालच्या भागात असतात. जाड चिनी मातीला ते पुरतात. काचेचं किंवा स्टीलचं पातळ भांडं असेल, तर चेकनट वरपर्यंत चढायला हवं, म्हणून फुल थ्रेड घ्यावा लागतो. लांबीही वेगवेगळी मिळते: ८० मिलिमीटर नेहमीची, १३० ची जाड फरशीवरच्या बेसिनसाठी. खाली बॉटल ट्रॅप जुना असेल, तर तो नव्या तुकड्याच्या टोकापर्यंत पोचतो का, हेही पाहावं लागतं. ट्रॅपमध्ये अडून राहिलेलं पाणीच गटाराची दुर्गंधी अडवतं. ही युक्ती अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये संडासाच्या वाकड्या नळीसाठी पेटंट केली होती.

म्हणून जुना तुकडा चेकनट-वायसरसकट काढून, पिशवीत घालून दुकानात न्यावा. मोबाइलमधल्या फोटोत आटे आणि खाचा नीट कळत नाहीत. बेसिनला भोक आहे की नाही, तेही सांगावं. बोअरच्या जड पाण्याने चढलेला पांढरा थर आधी खरवडून काढला, तर दुकानदाराला नवा तुकडा त्याच्या शेजारी धरून आटे जुळवता येतात. पूर्वीचे प्लंबर आट्यांना ताग आणि सफेदा लावायचे, आता टेफ्लॉन टेप गुंडाळतात. जाळीच्या कडेखाली मात्र रबरी वायसर किंवा पुट्टी लागतेच, कारण तिथलं पाणी टेप अडवू शकत नाही.

बसवून झालं, की तोटी नुसती उघडून पाहू नये. बूच लावून बेसिन वरच्या भोकापर्यंत भरावं, पाणी भोकातून जाऊ द्यावं आणि मग बूच काढावं. खाली कोरडा कागद ठेवलेला असावा. बूच लागलेलं असताना, भोकापर्यंत पाणी पोचण्याआधीच कागद ओला झाला, तर दोष जाळीच्या कडेत. भोकातून पाणी जाऊ लागल्यावर भिजला, तर खाचा किंवा खालचं वायसर तपासावं. आणि बूच काढल्यावरच भिजला, तर ट्रॅपचा जोड पुन्हा आवळावा.