आजीची सोन्याची कॅप आणि थेंबभर प्राइमर

असं समजा, तुमची आजी भारतातून फ्रीमाँटला आली आहे आणि जेवताना तिच्या दाढेवरची सोन्याची कॅप निघाली. मुंबईत चाळीस वर्षांपूर्वी बसवलेली. डेंटिस्ट ती परत बसवायला तयार आहे, पण सिमेंटआधी कॅपच्या आत एक पातळ द्रव लावतो. तो प्राइमर. तुम्ही म्हणाल, सिमेंट आहे ना, मग हे कशाला?

आजीच्या वेळचं झिंक फॉस्फेट सिमेंट खरं तर चिकटायचंच नाही. कॅप आणि दात यांच्यामधल्या खाचाखोचांत ते घट्ट बसायचं, इतकंच. 1955 मध्ये बुनोकोर यांनी एनॅमल आम्लाने खडबडीत केलं आणि रेझिन दाताला धरू लागलं. राहिला धातू. फ्रान्सच्या रोशेट यांनी 1973 मध्ये धातूच्या पट्टीला चक्क भोकं पाडली! 1982 मध्ये मेरीलँड विद्यापीठात लिवाडिटिस आणि थॉम्पसन यांनी निकेल-क्रोमियमवर आम्ल आणि विजेने सूक्ष्म खड्डे कोरले. दोन्ही युक्त्या सुतारकामाच्याच, खाच करा आणि अडकवा.

रसायनाची वाट जपानने धरली. एमडीपी नावाच्या रेणूचं फॉस्फेटचं टोक धातूवरच्या ऑक्साइडला धरतं, दुसरं टोक रेझिनमध्ये गुंफलं जातं. निकेल-क्रोमियमवर हे छान चाललं. सोन्यावर मात्र ऑक्साइडच नाही. ज्या गुणासाठी आपण पिढ्यान्पिढ्या सोनं साठवलं, तोच इथे आडवा आला. मग काहींनी सोन्याला कथलाचा मुलामा दिला, का तर त्यावर तरी ऑक्साइड तयार व्हावं. मला तरी ही गोष्ट फार गमतीची वाटते.

पुढचा उपाय समजायला देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन आठवा. ते काळं पडतं हवेतल्या गंधकामुळे. सोनं काळं पडत नाही, पण योग्य रेणूतलं गंधक त्यालाही धरतं. 1987 मध्ये कोजिमा आणि सहकाऱ्यांनी असा गंधकवाला रेणू मांडला, व्हीबीएटीडीटी. पुढे तो आणि एमडीपी एकाच बाटलीत आले.

प्रयोगशाळेत असे सांधे 5 आणि 55 अंशांच्या पाण्यात हजारो वेळा आलटून पालटून बुडवतात. आइस्क्रीम आणि चहाच म्हणा ना! काही सांधे सुरुवातीला भक्कम दिसतात आणि इथे सुटतात. शिवाय आधी जुनं सिमेंट काढून ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करावा लागतो, नंतर आत लाळ लागू द्यायची नाही.

तेव्हा निघालेली कॅप डबीत घालून सोबत न्या. आणि ती कोणत्या धातूची आहे, हे आजीला विचारून डेंटिस्टला आधीच सांगा.