आधी तिचं ऐका

बाराव्या शतकाचा मध्य. शनिवारची सकाळ, कैरोजवळचं फुस्तात शहर. इराकी यहुद्यांच्या सिनेगॉगमध्ये तुम्ही चटईवर मांडी घालून बसला आहात. बायका वर, सज्जात. शेजारचा व्यापारी दिलदार आहे. सरकून जागा देतो आणि अरबीत सांगू लागतो: या आठवड्याची पराशा, म्हणजे तोरा या धर्मग्रंथातला आज वाचायचा भाग, मिश्पातीम.

इथे तोरा वर्षभरात वाचून होते. जवळच्या शामी, म्हणजे पॅलेस्टिनी परंपरेच्या, सिनेगॉगमध्ये तिला तीन वर्षं लागतात, म्हणजे एकाच शनिवारी दोन्हीकडे वेगळे भाग. त्यावरून टोमणे चालतात. तरी तोरा पूर्ण झाल्याचा सण दोघे मिळून करतात, असं काही वर्षांनी इथे येणारा प्रवासी, तुदेलाचा बेंजामिन, लिहून ठेवणार आहे.

गेल्या शनिवारी सिनाय पर्वत होता: गडगडाट, धूर, दहा आज्ञा. आज काय? सातव्या वर्षी गुलामाला सोडा. मारका बैल बांधून ठेवा. खड्डा खणलात तर झाका. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत करा. ही उतरण मला फार आवडते. पर्वतावर देव भेटला, आता शेजाऱ्याच्या बैलाचं बोला! याच पराशेत विधवेला आणि पोरक्याला छळू नका असंही आहे, आणि तिथे देवाचा स्वर एकदम चढतो: त्यांनी हाक मारली तर मी ऐकेन, मग तुमच्याच बायका विधवा होतील.

तोराची गुंडाळी बाहेर काढायला दोघे उठतात.

“थांबा!”

एक बाई जिन्यावरून खाली, थेट पुरुषांत आली आहे. हातात कालच लिहवून घेतलेला अर्ज. एरवी असा अर्ज एखादा पुरुष वाचून दाखवतो. हिने तेवढीही वाट पाहिलेली नाही. तुम्हाला वाटतं, आता हिला बाहेर काढतील. कोणी हलत नाही. ज्याला न्याय मिळालेला नाही त्याने प्रार्थना थांबवावी, वाचन अडवावं, हा इथला रिवाज आहे. शामी सिनेगॉगच्या कोठडीत साठलेले असे कितीतरी अर्ज पुढे सापडणार आहेत. १८९६-९७च्या हिवाळ्यात अभ्यासक सॉलोमन शेख्टर त्या कोठडीतले बहुतेक कागद केंब्रिजला नेतील.

“इस्राएलच्या लेकरांनो, माझा नवरा हिंदच्या वाटेवर बुडाला. त्याचं भांडवल भागीदाराकडे आहे. तो ‘उद्या ये’ म्हणतो. पोरं आज जेवायला मागतात.”

मागून कुणीतरी कुरकुरतं, जेवायला उशीर होणार. कुणी त्याला गप्प करतं. हिंदी महासागराने कितीजणांना गिळलं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. काही वर्षांनी यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिडीसचा जवाहिऱ्या भाऊ दाविदही त्याच समुद्रात जाईल, मागे बायको आणि लहान मुलगी ठेवून.

“कोण भागीदार?” सिनेगॉगचे प्रमुख विचारतात.

ती बोट दाखवते. तुमच्याकडे. नाही, तुमच्या शेजाऱ्याकडे.

मघाशी इतकं छान समजावून सांगणारा माणूस आता चटईच्या काड्या मोजतोय. “माल अजून विकला नाही,” तो म्हणतो. मग हळूच तुमच्याकडे वळतो, “तुम्ही तरी सांगा, मी काय पळून जाणार आहे?”

तुम्ही परके. यात पडायचं कशाला? पण याच काळात युरोपात भटकणारा भाष्यकार अब्राहम इब्न एझ्रा आजच्या पराशेतल्या त्या विधवेच्या वचनांवर लिहितो, की विधवेचा छळ पाहून जो मदत करत नाही तोही छळणाऱ्यांतच धरला जातो. गप्प बसलेल्यांना त्याने वेगळा कोपरा ठेवलेलाच नाही.

“आज निदान पोरांच्या जेवणाचं बघा,” तुम्ही पुटपुटता. तेवढ्याने धीर येऊन आणखी दोघे बोलतात, मग दहा. शेजाऱ्याचे कान लाल होतात. सोमवारी न्यायसभा बसेल तेव्हा हिशेब आणि अर्धी रक्कम आणतो, तोपर्यंत घरखर्च माझ्याकडे, असं तो सगळ्यांसमोर कबूल करतो. बाई अर्ज घडी करून वर जाते. गुंडाळी बाहेर येते, पहिल्यांदा कोहेनला, म्हणजे पुरोहित कुळातल्या माणसाला, पुकारतात, आणि गुलामाच्या कायद्यापासून वाचन सुरू होतं.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, लेखणी धरत नाहीत, म्हणून कबुली कागदावर नाही. सोमवारी साक्षीदार लागतील. प्रमुखांनी नाव घेतलं आहे ते तुमचं, कारण शेजाऱ्याच्या सगळ्यात जवळ तुम्हीच बसला होतात.